मेजरचा आवाज

नाट्यगृहाच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याच्या नावाची पाटी लागणार, असं नगरपालिकेचा शिपाई येऊन सांगून गेला. जाता जाता दाराशी वळून त्यानं उरलेलंही सांगितलं. त्याच दिवशी, त्याच भिंतीवर मेजर अर्घिरचीही पाटी लागणार होती. दोघांना मिळून एकच बँड. आमचे नगराध्यक्ष मोठे काटकसरी.

माझा नवरा हासकेल वायनरिब. आम्हा यहुद्यांच्या यिद्दिश बोलीतल्या नाटकमंडळीत तो बाप, रब्बी, चोर, मिळेल ते काम करायचा. लढाई पेटली तेव्हा तो सरहद्दीपलीकडे निसटला, रशियनांची वर्दी चढवून बुडापेस्टपर्यंत लढत गेला आणि एक कान तिकडेच ठेवून परत आला. पुढे युद्धगुन्हेगारांवर खटले उभे राहिले, तेव्हा सरकारी वकिलांनी त्याला हाताशी धरलं. साक्षीदार हुडकायचे, त्यांना बोलतं करायचं, हे त्याचं काम. नटाला ते जमतं.

अर्घिर मात्र कशातच सापडत नव्हता. त्याच्या शिपायांनी आम्हा यहुद्यांना निस्त्रू नदीच्या काठावर नेलं त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की बांधावर उभा असलेला मेजर कुणालाच दिसला नाही. आवाज तेवढा आला. आधी मऊ, लाडात बोलावल्यासारखा: "या, लेकरांनो, या." मग जिभेचं टाळूवर टक्. एकदाच. आणि मग अंगावर येणारी गर्जना: "बूट काढा! पाण्यात कशाला हवेत बूट?" माझ्या धाकट्या बहिणीच्या, पेर्लच्या नाडीची गाठ सुटेना. आई खाली वाकून ती सोडवत बसली. मग दोघींना पाण्यात ढकललं. मी लव्हाळ्यात पडून राहिले म्हणून वाचले.

कोर्टात अर्घिर पुटपुटत बोलायचा. घसा बसलाय म्हणे. त्या दिवशी मी दूर बोटोशानी शहरात होतो म्हणे. आवाजावरून कुणाला शिक्षा होते का, असं त्याचा वकील हसत हसत विचारायचा. हासकेल एक दिवस घरी आला, कोट न काढताच बसला आणि म्हणाला, "ब्लिमा, मला तो आवाज शिकव."

मी शिकवला. स्वयंपाकघरात, कुजबुजत. मोठ्यानं काढायची माझी छाती नव्हती. हासकेलनं तो हुबेहूब उचलला, आणि कोर्टात मुद्दाम चुकीचा काढला. टक् आधी, लेकरं नंतर, गर्जना फाटकी. लोक हसले. न्यायाधीशांची परवानगी घेऊन त्यानं पुन्हा केलं, आणखी वाईट. अर्घिर पिंजऱ्यात ताडकन उभा राहिला. "असं नाही, गाढवा!" म्हणाला, आणि सगळं नीट, क्रमानं स्वतःच करून दाखवलं. मागच्या बाकावरच्या दोन बायका वाकून बूट काढायला लागल्या.

त्याला गोळ्या घातल्या. त्या दिवशी मी चहात दुप्पट साखर घातली.

पुरिमच्या सणाला आमच्यात दुष्ट हामानची गोष्ट वाचतात. त्याचं नाव आलं की ते ऐकू येऊ नये म्हणून सगळे पाय आपटतात. काही जण ते नाव खडूनं बुटाच्या तळव्याला लिहितात आणि आपटून आपटून पुसतात. हासकेल हामानऐवजी अर्घिर लिहायचा. तो गेल्यापासून मी लिहिते.

देशातला हुकूमशहा गेला, आणि सहा वर्षांत जुनी मढी उकरून त्यांना हार घालायची फॅशन आली. अर्घिरचा मुलगा ओविद आता साठीचा, नगरसेवक, गुळगुळीत दाढीचा. समारंभाच्या आदल्या दिवशी तो अक्रोड घातलेला गोड पाव घेऊन माझ्याकडे आला.

"ब्लिमाबाई, मनात काही ठेवू नका. तुमचे यजमान मोठे, माझे वडीलही मोठे. दोघं एका भिंतीवर. किती छान!"

"छानच. मधे एखादी फुलदाणी ठेवा, नाहीतर भांडतील."

तो पोट धरून हसला. "तुमचे यजमान नट म्हणून थोर होते, मानलं आपण! पण खटला म्हणजे त्यांचं नाटकच हो. माझे वडील इतके शांत, घरात कधी आवाज चढवला नाही. उद्या मी ठराव मांडणार आहे, निकाल रद्द करावा म्हणून. नगराध्यक्षांचा होकार आहे."

"कोर्टात तर तेच ओरडले होते."

"कुणी ऐकलं? सगळे साक्षीदार गेले."

"मी आहे ना."

"असा, असा, शंभर वर्षं असा! उद्या दोन मिनिटं बोला की तुम्हीही. आठवणीबिठवणी सांगा. आणि पाव खा बरं का, बायकोनं मुद्दाम केलाय."

तो पाव मी शेजारच्या फिशेलच्या कोंबड्यांना घालायला नेला. फिशेल आमच्या प्रार्थनाघराची राखण करतो. गावात आम्ही यहुदी सातच उरलोय. पाव बघून तो म्हणाला, "माझ्या कोंबड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

हसू आलं नाही. ठराव झाला की हासकेल खोटारडा ठरणार होता, आणि आई न् पेर्ल आपल्याच पायांनी नदीत गेल्या असं होणार होतं. त्या रांडलेकाच्या नावाला फुलं वाहिली जाणार होती. घरी आले आणि दोन्ही बुटांच्या तळव्यांना ठळक अक्षरांत अर्घिर लिहिलं.

नाट्यगृह गच्च भरलं होतं. ओविद रंगमंचावर माइकपाशी खुर्चीत बसला होता, मांडीवर ठरावाचा कागद. वडील आपल्याला रात्री गोष्टी सांगायचे, असं सांगून त्यानं रुमालानं डोळेही टिपले. मग ठरावाआधी बाईंनी दोन शब्द बोलावेत म्हणाला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. याच फळ्यांवर मी हासकेलबरोबर अकरा नाटकं केली होती.

"आठवणी नाहीत माझ्याकडे," मी म्हटलं. "हासकेलनं कोर्टात एक काम केलं होतं. ते करून दाखवते. त्यानं मुद्दाम चुकवलं होतं, मी चुकवणार नाही."

मी श्वास घेतला. "या, लेकरांनो, या."

ओविदच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्यावरून हलेनात.

टक्.

त्याचा उजवा हात वर गेला आणि कोपर डोक्यावर आलं. डावा तळहात पुढे झाला, छडी खायला धरतात तसा. मग मी तो आवाज काढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पोटातून, नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत. "बूट काढा!"

"नको बाबा!" ओविद ओरडला. "नको ना, मी नाही केलं!" माइक त्याच्या तोंडापाशीच होता. ते बाहेर चौकात उभ्या असलेल्या बँडवाल्यांनाही ऐकू गेलं.

साठीचा माणूस खुर्चीत अंग चोरून बसला होता. याची आपल्याला कीव येईल, असं मला वाटलं होतं. आली नाही. मी जरा थांबले, त्याचा हात खाली येऊ दिला, आणि मग त्याच्याकडे बघत पुन्हा केलं.

टक्.

हात पुन्हा वर गेला.

"घरात कधी आवाज चढवला नाही, होय ना साहेब?" मी माझ्या आवाजात विचारलं. "मग ओळखलात कसा?"

मागच्या रांगेत फिशेलनं पाय आपटला. मग आमचे बाकीचे. मीही रंगमंचावर आपटायला लागले, गुडघे दुखेपर्यंत. ठरावाचा कागद ओविदच्या पायाशी पडला होता. नगराध्यक्षांनी तो उचलला नाही. बाहेर एकाच पाटीवरचं कापड निघालं आणि बँड एकदाच वाजला.

घरी परतताना फिशेल हळूच म्हणाला, "काम चोख झालं, ब्लिमा. पण दुसऱ्यांदा कशाला केलंस ग? एकदा केलं तेवढ्यात सगळ्यांना कळलं होतं की."

"पहिलं आईसाठी होतं," मी म्हटलं. "दुसरं पेर्लसाठी."