दार उघडंच होतं

खळ्ळ! स्वयंपाकघरातल्या फळीवरून एक वाटी घरंगळली, फरशीवर गरगरत राहिली आणि हळूहळू गप्प झाली. घरात सगळे झोपलेले. दुपारची वेळ, कुणी उठलं नाही. मी मात्र जागी झाले. आता जागी झालेच आहे, तर मनातलं बोलून घेते.

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझं अंग घडवलं, त्यावर काळा रंग चढवला आणि पोटात तेल घालून मला एका शर्टांच्या कारखान्यात पाठवून दिलं. लांबलचक खोली, एकामागे एक टेबलं. तिथे अख्खा शर्ट कुणीच शिवत नसे. एकीने खांदे जोडायचे, दुसरीने कॉलर, तिसरीने बाह्या. एकीचं झालं, की कापड पुढच्या टेबलावर सरकायचं. याला सगळे 'लाइन' म्हणत. माझं टेबल कॉलरचं.

माझ्यावर बसायची ती कॉलरवाली. हाताने हलकी, बोलायला त्याहून मऊ. रोज सकाळी माझ्या सुईजवळचा कापसाचा भुगा फुंकरीने उडवायची, जसं लेकराच्या डोळ्यात गेलेलं कुसळ फुंकावं. लाइनचे मास्तर माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचे, "ही मशीन नाही, लोणी आहे लोणी!" मी फुशारून जायचे. पुढे नव्या मशिनी आल्या आणि मला कोपऱ्यात चिंध्यांखाली ढकललं गेलं. भंगारात जाणार होते, पण कॉलरवालीने मागून घेतलं आणि मला घरी आणलं. तेव्हा तक्रार काही नाही. फक्त एका दिवसाचा गुंता राहिलाय. तुमच्यापैकी कुणाला सुटला तर बघा.

तो मतदानाचा दिवस होता. आदल्या दिवशी मालक स्वतः खोलीत आले होते. माणूस वाईट नाही हं. म्हणाले, "उद्या सगळ्यांनी मत द्यायला जाऊन या. कामाच्या वेळेत जा. पगार कापणार नाही. दार उघडं राहील." बायकांनी टाळ्या वाजवल्या.

कॉलरवालीला तर जायचंच होतं. तिच्या लेकीला छातीचा त्रास. धाप लागली, की वस्तीतल्या दवाखान्यात पळायचं. तो दवाखाना ठेवायचा की लांब हलवायचा, यावरच सगळी निवडणूक चालली होती. त्या दिवशी लेकही सोबत होती, कारण तिच्याच शाळेत मतदान होतं. तुटकी बटणं गोळा करते म्हणून सगळे तिला 'बटणी' म्हणत. ती माझ्या टेबलाखाली कापडाच्या गठ्ठ्यावर बसली होती.

"तू आधी जा गं," पुढच्या टेबलावरची बाहीवाली मावशी म्हणाली. "पोर सोबत आहे तुझ्या."

"तुम्ही जा मावशी. तुमचे गुडघे. रांग वाढली तर उभं राहवणार नाही."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? मी उठले तर तुझ्या कॉलरींचा इथे डोंगर होईल."

मास्तर मागून ओरडले, "अहो, जा ना! मी कुणाला अडवलंय का? फक्त लाइन थांबू देऊ नका, संध्याकाळी गाडी लागणार आहे मालाची."

मग कॉलरवालीने युक्ती काढली. भराभर शिवून मावशीकडे ढीग लावून ठेवायचा. तो ढीग संपेपर्यंत आपण जाऊन यायचं. झालं! मी अशी धावले, अशी धावले, की माझं अंग तापलं. पण मागे बसलेल्या खांदेवालीला वाटलं, कॉलरवालीचं टेबल रिकामं होतंय, बिचारी माझ्यासाठी खोळंबेल. तिने हात दुप्पट चालवला. इकडे मावशी ढिगाखाली गाडली गेली. ती पुटपुटली, "हिला सोडवायचं तर मला आधी हे उपसलं पाहिजे," आणि तीही मान खाली घालून सुटली.

मित्रांनो, प्रत्येक जणी दुसरीला मोकळं करायला धावत होती आणि त्या धावण्यानेच दुसरी अडकत होती. मला मात्र वाटत होतं, आपण इतकं पळतोय, म्हणजे मतदानाला पोचतोच आहोत! मशीनची अक्कल ती.

ऊन भिंतीवरून उतरलं. शेजारच्या गाळ्यातला सुतार दारात डोकावून म्हणाला, "काय बायांनो, अजून इथेच? शाळेचं फाटक लागलं की. मीच शेवटच्या घोळक्यात होतो."

कॉलरवालीचा पाय पॅडलवर तसाच राहिला. मी थांबले.

थोड्या वेळाने मालक आले. चेहरा खुलला होता. "मग, झालं ना सगळ्यांचं?"

मास्तर मोजपट्टीकडे बघू लागले. शेवटी मावशी म्हणाली, "दार उघडंच होतं मालक. उठायचं तेवढं राहिलं."

"म्हणजे? मी सुट्टी दिली होती ना?"

"दिली होती की. पण माल तेवढाच ठेवलात, माणसं तेवढीच आणि गाडीही तीच. सुट्टी ठेवायची कुठे, ते नाही सांगितलंत."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला आणि मालक तिकडे वळले. खरंच गोंधळले होते. मीही.

मी लोखंडाची, मला शहाणपण कुठलं? तरी एवढं सांगते. यंत्राला तेल हवं असेल तर नुसतं 'घे' म्हणून भागत नाही, झाकण काढून घालावं लागतं. उद्या तुमच्या हाताखाली माणसं असतील, तेव्हा कुणाला 'जा' म्हणण्याआधी त्याच्या टेबलावरचं काम कोण उचलणार ते ठरवा. गाडी एक दिवस उशिरा बोलवा. चुकत असेन तर सांगा.

खोली रिकामी झाली. कॉलरवाली माझ्यावर फडकं टाकत होती. बटणी टेबलाखालून बाहेर आली. दिवसभराच्या भुग्याने तिचा श्वास जरासा वाजत होता. तिने आईचा पदर ओढला.

"आई, मालक जा म्हणाले. मास्तर पण जा म्हणाले. मावशी तर कितीदा म्हणाली. मग तुला अडवलं कुणी?"