कूलरसमोरचं जहाज

मी एक जुना संगणक आहे. नांदुऱ्यात पुंजाजी आणि बनाबाईंच्या घरी खिडकीखालच्या टेबलावर बसलेला असतो. मित्रांनो, हसू नका, पण समुद्रापासून इतक्या लांब बसून मी एक अख्खं जहाज लाटांवर तोललं आहे!

अकोल्याच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि एसटीच्या टपावर बसून मी या घरी आलो. यांची लेक धम्मशीला जहाजबांधणी शिकत होती. शेवटच्या वर्षी उन्हाळ्यात ती आपला प्रकल्प घेऊन घरी आली. जहाजाच्या पोलादी अंगाचे हजारो छोटे चौकोन पाडायचे, लाटेच्या दाबाने प्रत्येक चौकोन किती ताणला जातो ते काढायचं आणि शेवटी सगळं जोडून पाहायचं. या रीतीला फायनाइट एलिमेंट म्हणतात. चौकोन ती पाडायची, आकडेमोड माझी. काय दिवस होते ते!

पण तो मे महिना होता. मी तापायचो आणि गणित अर्ध्यावर टाकून बंद पडायचो. शेवटच्या दिवशीही तेच झालं. संध्याकाळपर्यंत उत्तर जहाजं बांधणाऱ्या गोदीत पाठवलं नाही, तर तिथली नोकरी हातची जाणार होती. धम्मशीला रडायलाच लागली.

बनाबाई उठल्या. घरातला एकुलता कूलर ओढत आणून त्यांनी त्याचं तोंड माझ्याकडे केलं.

"अन् आपुन?" पुंजाजींनी विचारलं.

"आपुन बसू बाहेर निंबाखाली. त्याले थंड राहू द्या."

मग मात्र मी थांबलो नाही. खिडकीतून दोघं दिसत होती, घामाने निथळत, दुपट्ट्याने वारा घेत. दिवस कलता कलता उत्तर आलं. पडद्यावर वाकलेलं जहाज पाहून पुंजाजी घाबरले.

"काऊन वं शीला, हे त मोडून राह्यलं!"

"नाही बाबा, खरं त केसभरच वाकते. डोळ्याले दिसावं म्हणून हा शंभर पट मोठं करून दाखवते."

नोकरी लागली. धम्मशीला गेली आणि माझं काम संपलं. लेकीचं भलं करणारा म्हणून बनाबाई मात्र दर उन्हाळ्यात कूलर माझ्याकडेच वळवत राहिल्या. किती लाड केले माझे! यंदा धम्मशीला सुटीवर आली. मी काही केल्या सुरू होईना, म्हणून तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मला उघडलं आणि सांगितलं, कूलरच्या ओल्या हवेने आत गंज चढला आहे.

बनाबाईंचा चेहरा उतरला. "माह्यानंच गेला का वं हा?"

मला ओरडून नाही म्हणायचं होतं. पण माझा आवाज कधीच गेला होता.

धम्मशीलाने कूलरचं तोंड फिरवून आईकडे केलं आणि म्हणाली, "त्या दिवशी तू उन्हात बसली, म्हणून मी आज गोदीत आहे. आता तू बस इथं."

मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, त्याला ओल लागू देऊ नका. आणि घरात कुणी तुमच्यासाठी केसभर जरी सोसलं, तरी ते शंभर पट मोठं करून पाहा.