ताऱ्यांनी जुळवलेली जोडी

साखरपुड्याच्या दिवशी अंबडच्या मंगल कार्यालयाच्या कमानीवर जो बॅनर चढला, त्याचा मजकूर नवरदेवाने स्वतः लिहून दिला होता. दुसऱ्या कुणाच्या इंग्रजीवर त्याचा भरवसाच नव्हता. सोमेश्वर जुन्या जालन्यात इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास चालवायचा, आणि ही गोष्ट तो गल्लीतल्या कुत्र्यालाही विसरू द्यायचा नाही. बॅनरवर दोघांचे फोटो, भोवती चांदण्यांचा सडा आणि खाली हातभर अक्षरांत 'स्टार-क्रॉस्ड कपल'.

नवरी मुलगी अर्पिता रिक्षातून उतरली, तिने वर पाहिलं आणि तो शब्द पुन्हा एकदा वाचला. इंग्रजीत एम.ए. केलेली मुलगी ती. स्टार-क्रॉस्ड म्हणजे ज्यांच्या आड ग्रहतारेच आले, ज्यांचं काही केल्या जमायचं नाही, असे अभागी जीव. स्वतःच्या खर्चाने स्वतःच्या तोंडाला काळं फासण्यातलाच हा प्रकार होता.

हे स्थळ तिने पत्करलं ते सोमेश्वरच्या एका शब्दावर. लग्नानंतर क्लासचे वरचे वर्ग तूच घे, असं तो म्हणाला होता. आपल्या गावी, केदारखेड्यात बसून तिला पदवीचं लोणचं घालायचं नव्हतं. म्हणून गप्प राहायचं ठरवूनच ती आत गेली. पण आत नवरदेव पाहुण्यांना शब्दाची फोड करून सांगत होता. क्रॉस म्हणजे एकमेकांत गुंफलेले, म्हणजे ताऱ्यांनीच जुळवलेली जोडी. पाहुणे माना डोलवत होते. तो चिनी भाषेत बोलला असता तरी त्यांनी डोलवल्याच असत्या, जेवणं व्हायची होती.

अर्पिताने त्याला बाजूला घेऊन हळूच खरा अर्थ सांगितला. आधी तो हसला. मग म्हणाला, तो जुना ब्रिटिश अर्थ झाला, अमेरिकेत आता असं कुणी म्हणत नाही. तिने मोबाइलवर शब्दकोश उघडून समोर धरला. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. कॉलर नीट केली आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"मॅडम, तुम्ही लहान पोरांना एबीसीडी शिकवा. अर्थ सांगायला मी हे ना."

लोक हसले. अर्पिताला रडू आलं नाही, किळस आली. चुकीचा शब्द तिने पोटात घातला असता, चुका कोण करत नाही? पण हा गडी चूक कबूल करण्यापेक्षा होणाऱ्या बायकोला चारचौघांत खाली पाहायला लावणारा निघाला. वरचे वर्ग तर एका वाक्यात गेले होते.

तिचे वडील कडूबा हसणं ऐकून जवळ आले.

"अर्पे, जावई बराबर सांगून राह्यले का?"

"न्हाई, आबा."

आणि तिने खरा अर्थ सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगून टाकला. माना डोलायच्या थांबल्या. सोमेश्वरचे काका अण्णासाहेब घाईघाईने बॅनर उतरवायला शिडी मागवू लागले, तर सोमेश्वरच आडवा आला. बॅनर उतरला तर क्लासची इज्जत जाईल, म्हणाला. इतकं होऊनही त्याला काळजी पडली होती ती क्लासची.

अर्पिताने तिच्यासाठी आणलेली अंगठीची डबी उचलून अण्णासाहेबांच्या हातावर ठेवली.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "आता बराबर बसला तो शब्द."