बिनपंख्याची चार वर्षं

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. माझ्या रेडिएटरला चार वर्षं पंखा नव्हता, ही गोष्ट मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. ती वेळेवर सांगितली नाही तर काय होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा निळा होतो. आता माझा रंग कोणता, यावर दोन शहाण्या माणसांचं एकमत होणार नाही. माझं नाक लांब आहे आणि इंजिन त्या नाकात बसतं. हल्लीच्या ट्रकांना नाकच नसतं. चपटं तोंड घेऊन फिरतात बिचारे. माझ्या केबिनमध्ये एसी तेव्हाही नव्हता, आजही नाही. ड्रायव्हरला उकडतं, हे त्या काळी कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. थंडीसाठी मात्र एक हीटर दिला होता. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरायचं आणि ड्रायव्हरच्या पायांना ऊब मिळायची.

पहिली अकरा वर्षं मी विटा वाहिल्या. मग सिमेंटचे पाइप, मग शाळांची बाकं. एकदा चिखलात तीन नवे ट्रक रुतून बसले असताना मी भरल्या हौद्यानिशी बाहेर आलो. त्या दिवशी मालकाने माझं बॉनेट थोपटलं होतं. कौतुक तेवढंच झालं, पण मी ते विसरलेलो नाही.

पुढे मला एका ड्रायव्हरनेच विकत घेतलं. त्याची मोठी बहीण त्याला छोट्या म्हणायची, म्हणून सगळेच त्याला छोट्या म्हणत. पन्नाशी उलटलेला, दारातून आत यायचं तर आधी श्वास आत ओढावा लागेल इतका रुंद माणूस, आणि नाव छोट्या! माणूस मनाचा चांगला. गाडी धुण्यात, तेल बदलण्यात कधी हयगय केली नाही. पण एक खोड होती. घरात, गाडीत, तब्येतीत काहीही बिघडलेलं असो, कुणी विचारलं की त्याचं उत्तर तयार असायचं, "एकदम ठणठणीत!"

एका उन्हाळ्यात माझ्या पंख्याचं एक पातं तुटलं आणि थेट रेडिएटरमध्ये घुसलं. सगळं पाणी रस्त्यावर सांडलं. मित्रांनो, रेडिएटर म्हणजे आमचं पाणी निववायची जाळी. इंजिनात तापलेलं पाणी तिच्यात येतं, पंखा तिच्यातून हवा ओढतो आणि पाणी निवून परत जातं. मिस्त्रीने जाळी डाग देऊन जोडली, मोडका पंखा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "नवा पंखा मागवतो. तोवर चालव जपून. गाडी पळत असली की समोरचा वाराच पंख्याचं काम करतो. उभी राहिली की मात्र तुझी खैर नाही."

नवा पंखा यायला वेळ लागला. मग मिस्त्री विसरला. मग छोट्याही विसरला, किंवा विसरल्यासारखं करू लागला. पंखा ओढायचं ओझं गेल्यामुळे मी जरा हलकाच पळत होतो, हेही खरं. "बघा, डिझेल कमी खातो!" असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा. का कमी खातो, हे मात्र सांगायचा नाही.

त्या चार वर्षांत आम्ही दोघांनी एक रीत बसवली. उजाडायच्या आत निघायचं. चढावर थांबायचं नाही. उभं राहायचंच झालं तर नाक वाऱ्याकडे करून उभं राहायचं. सीटच्या मागे जुन्या घोंगडीखाली पाण्याचे चार कॅन ठेवायचे. आणि गर्दीत अडकून तापमानाचा काटा वर चढू लागला की भर उन्हाळ्यात हीटर लावायचा. इंजिनची उष्णता तेवढीच केबिनमध्ये जायची आणि मला उसासा टाकता यायचा. छोट्या मात्र घामाने निथळायचा. शेजारच्या गाडीतले लोक डोळे फाडून बघायचे. तो हसून सांगायचा, "गुडघे धरलेत हो, शेक घेतोय."

मला त्याची दया यायची. थोडी लाजही वाटायची.

छोट्याची बहीण, सगळ्यांची ताई, मधमाश्या पाळायची. नवरा गेल्यानंतर दोन पेट्यांपासून सुरुवात करून तिने चाळीस पेट्या केल्या होत्या. फुलं संपली की पेट्या दुसरीकडे हलवाव्या लागतात. त्या वर्षी घाटापलीकडे सूर्यफुलं फुलली होती. दरवर्षीचा तिचा टेम्पोवाला आजारी पडला, म्हणून तिने भावाला विचारलं.

"सपाट रस्त्याने सहा तास लागतात, घाटाने तीन," ती म्हणाली. "माश्या कोंडलेल्या असतात रे. गाडी चालत असली की जाळीतून वारा लागतो, तोवर ठीक. उन्हात उभी राहिली की आत भट्टी होते. घाट झेपेल ना तुझ्या गाडीला? नसेल तर तसं सांग, मी संध्याकाळीच सपाट रस्त्याने निघेन."

"ताई, गाडी एकदम ठणठणीत आहे," छोट्या म्हणाला.

मी तिथेच उभा होतो. मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी बोललो असतो.

पहाटे चार वाजता चाळीस पेट्या हौद्यात आणि ताईला शेजारच्या सीटवर घेऊन आम्ही निघालो. सगळं ठरल्यासारखं झालं असतं, तर सातला पोचलो असतो. पण घाटाच्या मध्यावर एक लाकडांनी भरलेली गाडी आडवी झाली होती आणि रस्ताभर ओंडके पसरले होते. पुढे गाड्या, मागे गाड्या, वळायला जागा नाही. ओंडके एकेक करून बाजूला होत होते, आणि दर थोड्या वेळाने रांग दहा पावलं सरकत होती. चढावर दहा पावलं, मग थांबा. माझ्यासारख्याला याहून वाईट शिक्षा नाही.

साडेआठला ऊन हौद्यावर आलं. पेट्यांमधला आवाज वाढला. आतल्या माश्या पंख हलवून हवा खेळवत होत्या. पेट्यांची दारं उघडावीत तर रस्त्यावर शेदोनशे माणसं, त्यांत लहान मुलं. ताई हौद्यात चढून जाळ्यांवर पाणी शिंपडत होती. तिने आणलेले पाण्याचे दोन्ही कॅन तासाभरात संपले. पुढच्या बसमधल्या एका बाईने अर्धी बाटली दिली, आणखी कुणी एक दिली. तेवढं पाणी चार पेट्यांनाही पुरलं नाही.

ती केबिनमध्ये आली तेव्हा हीटर लावलेला होता.

"अरे, वेड लागलं का तुला? बाहेर आग लागलीय आणि हीटर?"

"गुडघे..." छोट्याने सुरुवात केली.

"गुडघ्यांचं मला सांगू नकोस. मी तुला रांगताना पाहिलंय." तिची नजर घोंगडीकडे गेली. तिने ती ओढली. खाली तीन भरलेले कॅन होते आणि एक रिकामा. तो छोट्याने मघाशीच माझ्यात ओतला होता. "हे पाणी इथे, आणि मी तिकडे बाटल्या मागत फिरतेय?"

छोट्या स्टेअरिंगकडे बघत म्हणाला, "ताई, गाडीला पंखा नाही."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

ताई ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "हे पाणी पेट्यांना दिलं तर गाडीचं काय होईल?"

"इंजिन जाईल बहुतेक. निम्मा चढ बाकी आहे."

"आणि नाही दिलं तर माझ्या माश्या जातील."

तो तरीही हलला नाही. मी त्याच्या रोजीरोटीचं साधन होतो. शिवाय, खरं सांगतो, त्याचा माझ्यावर जीव होता. मागून हॉर्न वाजू लागले. मग छोट्या खाली उतरला, तिन्ही कॅन एकेक करून हौद्यात चढवले, आणि ताईच्या हातातला मग घेऊन स्वतः पाणी शिंपडू लागला.

मित्रांनो, मला राग आला. ते माझं पाणी होतं. चार वर्षं पंख्याविना पळालो, कधी रस्त्यात दगा दिला नाही, त्याचं हे बक्षीस! पण हौद्यातला तो आवाज माझ्या तळापर्यंत पोचत होता, आणि पाणी पडलं तसा तो उतरू लागला. माझा राग फार वेळ टिकला नाही.

दहाला रस्ता मोकळा झाला. काटा लाल रेषेला टेकला होता. छोट्याने हीटर पूर्ण उघडला, दोन्ही काचा खाली केल्या, तापलेल्या पत्र्यापासून डावा पाय उचलून धरला आणि मला चढावर घातलं. ताई शेजारी बसली होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, पण हीटर बंद कर असं ती एकदाही म्हणाली नाही. माझ्या आत काहीतरी वाकतंय, हे मला कळत होतं. मी ओढत राहिलो. माथ्यावर वारा लागला, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. उताराने आम्ही सूर्यफुलांच्या शेतापर्यंत पोचलो, आणि तिथे बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. मी बंद पडलो.

ताईने पेट्या सावलीत उतरवून घेतल्या आणि एकेक उघडली. चौतीस पेट्या जिवंत होत्या. सहा गेल्या होत्या.

तिने छोट्याला हाताला धरून त्यातल्या एका पेटीशी नेलं. माश्या दाराच्या जाळीशी एकावर एक पडल्या होत्या. शेवटपर्यंत तिथे उभं राहून त्यांनी पंख हलवले होते.

"पंखा नव्हता याचा मला राग नाही," ताई म्हणाली. "जुन्या गाडीचं काहीतरी मोडणारच. मी विचारलं होतं, छोट्या. नाही म्हणाला असतास, तर मी आदल्या संध्याकाळी सपाट रस्त्याने निघाले असते."

छोट्याने त्या सहा पेट्या स्वतः साफ केल्या. ताई तिथून निघून गेली होती, आणि तो मान खाली घालून एकटाच काम करत होता. तेव्हा तो रडला. त्याला रडताना मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, वाकलं होतं. मी दोन महिने मिस्त्रीकडे पडून राहिलो. दुरुस्त झालो तेव्हा माझ्या नाकात नवा पंखा होता. पण ताईचा फोन आला नाही. जवळजवळ वर्षभर भाऊ-बहीण कामापुरतंही बोलले नाहीत.

मग पुढच्या वर्षी, फुलं यायच्या सुमारास, एका सकाळी ताई आली. छोट्या लगबगीने पुढे झाला आणि म्हणाला, "ताई, ब्रेक नवे घातलेत. डावा आरसा तडकलाय. मागचं एक टायर गुळगुळीत झालंय, ते उद्या बदलतोय. पंखा आहे."

ताई सरळ माझ्यासमोर आली, दोन्ही हातांनी माझं बॉनेट उचललं आणि वाकून आत पाहिलं. पंख्याची पाती एकेक करून बोटांनी हलवून पाहिली, पट्टा दाबून पाहिला. दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर भडकला असता. छोट्या बॉनेट डोक्यावर पडू नये म्हणून ते धरून मुकाट्याने उभा राहिला.

मित्रांनो, यंत्राला तोंड नसतं. त्याचं दुखणं सांगायचं काम ते चालवणाऱ्याचं असतं, आणि कुणी विचारल्यावर तरी ते त्याने खरं सांगावं, एवढंच माझं मागणं आहे. एकदा खोटं सांगितलं की मग विश्वास ठेवणाऱ्यालाही बॉनेट उघडून बघावंच लागतं. ताईने बराच वेळ बघितलं. मग तिने साडीच्या पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चल, पेट्या चढव."