कुडपणच्या भिंतीवरचा बारावा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. 'गंजका' म्हणायचं असेल तर आधी हात लावून बघा. लाल दिसतो तो माझा मूळचा रंग. गंज आहे, नाही असं नाही, पण कडेला आणि थोडाच.

जन्माने मी पिंप. बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात माझ्या पोटात साबणाचं तेल भरलेलं असायचं. एकदा गाडीचा धक्का बसून माझ्या कुशीत हा मोठा पोचा आला आणि मला भंगारात काढलं. महाडच्या रऊफभाईंनी मला उचलून आणलं. माझं बूड कापलं, झाकण कापलं, उभी चीर देऊन घणाने ठोकून सपाट केलं. खोटं कशाला बोलू, ब्रह्मांड आठवलं! पण त्यानंतर मी त्यांच्या वखारीच्या पावसाळी, म्हणजे पावसाचा मारा झेलणाऱ्या बाजूला जो उभा राहिलो, तो बारा पावसाळे हललो नाही. सावित्री नदीचं पाणी कमरेएवढं चढलं तेव्हाही जागा सोडली नाही. रऊफभाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "असा जाड पत्रा आता बघायला मिळत नाही." ऐकून बरं वाटायचं.

मग वखारीत रंगीत पत्रे आले. मला काढून मागे टेकवून ठेवलं. माझ्या आडोशाला मांजर व्यायली, एवढाच काय तो माझा उपयोग. वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं.

गेल्या मे महिन्यात डोंगरावरच्या कुडपण गावच्या चंद्रभागाबाई आणि त्यांचा मुलगा दीपक वखारीत आले. दीपक मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. बाई गावात एकट्याच राहतात. घर मातीच्या भिंतींचं. पावसाळी भिंतीला त्या दरवर्षी कारवीच्या काठ्या आणि पेंढ्याचा आडोसा बांधायच्या आणि दसऱ्यानंतर सोडायच्या. आदल्या वर्षी तो बांधताना त्या शिडीवरून पडल्या आणि मनगट मोडून बसल्या.

"रऊफभाई, दहा वर्षं हात लावायला नको असं कायतरी दाखवा," दीपक म्हणाला. "आणि आई, आताच सांगतो. एवढं करून यंदा भिंत गेली, तर गपचूप माझ्याबरोबर मुंबईला चलायचं."

"चलेन," बाई म्हणाल्या. "पण भिंत गेली तर. तोवर माझं घर हाय नि मी हाय."

रऊफभाईंनी आधी लाकडासारखे दिसणारे प्लास्टिकचे पट्टे दाखवले. बाईंनी एक पट्टा बोटांनी वाकवून बघितला आणि म्हणाल्या, "आमच्याकडचा वारा याला उडवून खाली दरीत टाकील." सिमेंटचा पत्रा बघून म्हणाल्या, "याच्यावर माकडांनी उड्या मारल्या की झालं!" शेवटी हिरवे रंगीत पत्रे ठरले. दीपकने मोबाइलमध्ये हिशोब करून अकरा सांगितले.

"पत्रा पत्र्यावर चढवावा लागतो, एक कमी पडेल," रऊफभाई म्हणाले. "हिरवे अकराच आहेत. मावशी, हा माझा जुना घेऊन जा."

"हा गंजका?" दीपक म्हणाला. ऐकलंत ना, मित्रांनो? मी तेव्हाच ठरवलं, याला दाखवतो.

निघताना रऊफभाईंनी टेम्पोला हात लावून बजावलं, "पत्रा भिंतीला चिकटवू नका. मध्ये चार बोटं जागा ठेवा आणि खालून वरून वारा जाऊ द्या. पत्र्याला आतून घाम येतो. दुबईत दहा वर्षं पत्र्याच्या खोलीत राहिलोय, मला विचारा."

दीपकने भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून चार बोटं जागा ठेवली. अकरा पत्रे बसले आणि खरोखरच पडवीजवळचा कोपरा उघडा राहिला. तिथे मी! पण माझ्यात खिळा जाईना. तीन खिळे वाकले, चौथ्याला त्याने स्वतःचा अंगठा चेचला. मग माझ्या जुन्या भोकांत तार ओवून मला नुसतं खुंट्यांवर टांगलं. इथवर ठीक होतं. पण मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी या शहाण्याने उंदीर शिरतील म्हणून हिरव्या पत्र्यांखालची फट सिमेंटने लिंपली, वरची स्पंजने बुजवली आणि माझ्या खाली गोणपाट कोंबलं. रऊफभाईंचं बोलणं घाटातच राहिलं.

पाऊस लागला. बाहेरून आम्ही बाराजण एक थेंब आत जाऊ देत नव्हतो, हे मी छातीठोक सांगतो. पण आतून आम्हाला घाम सुटला होता. तो टपटप भिंतीवर पडत होता आणि तिला सुकवायला वारा नव्हता. हिरवे पत्रे खिळ्यांनी जखडलेले. कुणाला सांगणार, आणि कसं?

जुलैत बाईंना आतल्या बाजूने कुबट वास यायला लागला. शेणाने सारवलेल्या भिंतीचे पोपडे निघाले. त्यांनी दीपकला फोन लावला. तो म्हणाला, "आई, नवीन पत्रा हाय तो. दहा वर्षं बघायचा नाय!"

"बघायचा नाय कसा?" फोन ठेवून बाई पुटपुटल्या. "दर साल आडोसा सोडला की मी भिंतीला हात लावून बघते."

पाऊस थोडा उघडला तशा त्या मागे आल्या. हिरव्या पत्र्यांवरून त्यांनी हात फिरवला. एकही हलेना. मग माझ्यापाशी आल्या, गोणपाट ओढून काढलं आणि मला खुंट्यांवरून उतरवलं. भिंतीवर पंजा टेकवला. पंजाबरोबर चिखल आला. बाईंनी तो बोटांत चोळून बघितला. "गेलं माझं घर," एवढंच म्हणाल्या. माझा जीव तुटला, मित्रांनो.

पण कुडपणची बाई ती! हात पुसून रऊफभाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "मावशी, फट बुजवलीत का?" बाईंनी पहार घेतली आणि खालचं सिमेंट या टोकापासून त्या टोकापर्यंत फोडून काढलं. काठीने वरचा स्पंज पाडला. सूं करून वारा आत शिरला. त्या वाऱ्याएवढं सुख मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही.

गणपतीला दीपक आला, तो बारावा हिरवा पत्रा घेऊनच. वाटलं, आता मी पुन्हा अडगळीत. बाईंनी मला उतरवलं. "लाव हात."

त्याने हात लावला. भिंत सुकी होती. मग त्याने खाली फुटलेलं सिमेंट बघितलं. "चुकलो गो आई," तो म्हणाला. "मुंबईचं आता बोलत नाय."

"उंदरांना जाळी लावून दे. आणि तो हिरवा कोंबड्यांच्या खुराड्यावर टाक. तू तो खिळ्यांनी ठोकशील. मला काढता येणारा पायजे."

आता दर आठ दिवसांनी बाई मला उतरवतात, अंगणात टेकवतात आणि भिंतीला हात लावून बघतात. मित्रांनो, तुमच्या भिंतीला काय लावायचं ते लावा. निगा राखायला नको असं खुशाल निवडा. फक्त एक पत्रा असा ठेवा, जो उतरवून आत हात घालता येईल.