पाचवीपर्यंत कोरडी

मूल कुठं जन्माला यावं, कुठं वाढावं, याची चर्चा आपल्याकडे कोण करतं, हे तुम्ही कधी पाहिलंय का? ती चर्चा ओसरीवर होते. मध्ये पानाचं तबक असतं. आणि जिला ते मूल पोटात वाढवायचं असतं, ती आत तांदूळ निवडत असते.

जोयड्याच्या रानात, सुप्याहून गणेशगुडीकडे जाणाऱ्या वाटेवर, काळी नदीच्या अगदी काठाला म्हादूचं घर होतं. त्या दिवशी त्याच्या ओसरीवर अशीच बैठक बसली होती. म्हादूचा थोरला मुलगा वासू बेळगावात लाकडाच्या वखारीत कामाला होता. भातकापणीसाठी तो बायकोला, फुलाला, घेऊन आला होता. आता परत जायचं नाही, असं त्यानं येतानाच मनाशी ठरवून टाकलं होतं. ते प्लेगाचे दिवस होते. माणसं घरं सोडून गावाबाहेर तट्ट्यांच्या झोपड्यांत राहत होती. शेजारच्या झोपडीतलं रांगतं पोर वासूच्या डोळ्यांदेखत गेलं होतं.

“बा, पोरंबाळं व्हायच्या आधी मी ते शहर सोडणार,” वासू म्हणाला. “तिथं घागरभर पाण्याला बायका एकमेकींच्या झिंज्या धरत्यात. आन् हवा म्हणशील तर भुसा आन् मेलेल्या उंदराचा वास.”

“मग! हितं काय कमी हाय?” म्हादू खुलला. “रानचा वारा, घरचं भात, गोठ्यात दूध. आन् पाणी? अरं, काळी दारातनं व्हाते! नातवाला म्हणावं, पी किती पितोस ते!”

सगळे हसले. वासूचा धाकटा भाऊ लाडूही हसला. वासूनं तांब्या उचलला, वरून धार धरून घटाघटा पाणी प्यायला आणि मिशा पुसल्या.

त्याच वेळी परसातून आवाज आला. “पाणी... आत्ती, घोटभर पाणी...”

ओसरीवरच्या कुणीही मान वळवली नाही.

गोठ्यामागं कारवीच्या कुडाची एक खोप होती. तिच्यात लाडूची बायको केसर पडली होती. परवाच तिला मुलगा झाला होता. या घरची रीत अशी, की बाळंतिणीला पाचवी पुजेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. सुंठगुळाचा गोळा द्यायचा, नाचणीची भाकरी द्यायची, बस्स. “आमची सून पाचवीपर्यंत कोरडी ऱ्हाते,” असं या घरच्या बायका चारचौघींत सांगत, आणि सांगताना एखादा दागिना दाखवावा तशा मान उंच करत. त्यातून केसरच्या अंगात कालपासून ताप होता.

फुलानं सूप खाली ठेवलं. तांब्या भरला आणि ती मागच्या दाराशी आली. दारात सासू उभी होती, तुळजा.

“कुठं निघालीस गं?”

“आत्ती, तिचं ओठ फुटल्यात. लेकराला पाजायचं तर अंगात ओल नको?”

“शहरात ऱ्हाऊन लई शाणी झालीस! पाणी दिलं की वारं शिरतं, पोट सुटतं. मी सगळ्या लेकरांच्या येळी कोरडी ऱ्हायले. मेले का?”

“तुम्ही न्हाई मेलासा. पण लक्ष्मीवन्सं?”

लक्ष्मी ही तुळजाची एकुलती एक लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि याच खोपीत पाचवीच्या आदल्या दिवशी गेली. तिचं नाव त्या घरात कुणी घेत नसे.

“माझ्या लेकीचं नाव काढू नगं!” तुळजाचा आवाज चिरकला. “तिला रानातलं लागिरलं हुतं!” तिनं तांब्या हिसकावला आणि पाणी अंगणात ओतून टाकलं.

फुला तशीच वळली. पदर सावरला आणि सरळ ओसरीवर आली. सून ओसरीवर येऊन बोलते, हे त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं.

“मामा,” ती सासऱ्याला म्हणाली, “बेळगावात पाण्याला भांडत्यात हे खरं हाय. मीबी भांडले. पण आमच्या झोपड्यांत रुक्मा बाळंत झाली, तवा गिरजाकाकीनं सगळ्यांना मागं सारून तिची घागर आदी भरली. कुणी हू का चू केलं न्हाई. काकीनं ओवा घालून पाणी उकळलं आन् वाटीवाटीनं पाजलं. माय जगली, लेकरूबी जगलं. हितं काळी दारातनं व्हाते म्हणतासा. मग केसरला ती नुसती ऐकायलाच हाय व्हय?”

लाडू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. म्हादूनं पान तोंडात टाकलं. “बायकांच्या कामात आमी पडत न्हाई.”

“मग माझं मूल कुठं व्हावं हे कसं ठरवतासा? तेबी बायकांचंच काम की!”

“फुला!” वासू ओरडला. “आत जा!”

ती आत गेली. काय करणार! ज्या नवऱ्यानं तिच्या होणाऱ्या लेकरासाठी शहर सोडायचं ठरवलं होतं, त्याला तिचं बोलणं मात्र ऐकवत नव्हतं.

दिवस कलला तसा खोपीतला आवाज थांबला. तुळजा बघायला गेली आणि धावतच परतली. “हात गार पडल्यात. डोळं फिरवलं पोरीनं.”

मग मात्र घर जागं झालं. मरणाऱ्याला कोरड्या तोंडी जाऊ देऊ नये, हीही त्या घरची रीतच होती! शेवटचं पाणी वाहत्या नदीचं हवं, म्हणून लाडू नदीकडे धावत सुटला. बायको पाणी मागत होती तेव्हा जो ओसरीवरून उठला नाही, तो आता तिच्या शेवटच्या पाण्यासाठी दगडांवरून ठेचकाळत पळाला. तुळजानं वृंदावनातलं पान खुडलं, तांब्यात टाकलं आणि केसरचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या ओठांवर थेंब सोडला.

केसरनं तो गिळला.

दुसरा थेंब. तोही गिळला. आणि मग काटकीसारखा तो हात वर आला, त्यानं तांब्याचा काठ घट्ट धरला आणि तोंडाकडे ओढला! ती पीत राहिली. पाणी गळ्यावरून ओघळलं, तुळशीचं पान हनुवटीला चिकटलं. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिनं डोळे उघडले.

“आनिक,” ती म्हणाली.

काय म्हणावं! जे पाणी तिला निरोप द्यायला आणलं होतं, त्याच पाण्यानं ती परत आली!

पण त्या खोपीत कुणाला आनंद झाला नाही. तुळजानं केसरच्या हनुवटीवरचं पान उचललं आणि दाराशी आलेल्या फुलाकडे पाहिलं.

“लक्ष्मीनंबी असंच तोंड हालवलं हुतं गं,” ती म्हणाली. “पान ठेवलं तवा जीभ भाईर काढली हुती. मला वाटलं, जीव चाललाय. ती पाणी मागत हुती, फुला! आन् मी पदरानं तिचं तोंड पुसलं. कोरडं केलं!”

केसर जगली. पण तिचं दूध वेळेवर उतरलं नाही. फणसाच्या आठळीएवढी मूठ होती त्या लेकराची. फुला कापसाची वात गाईच्या दुधात बुडवून त्याच्या ओठांशी धरायची. लेकरू वात सोडून तिचं बोट चोखायचं, पुन्हा पुन्हा काहीतरी शोधायचं. पाचवीच्या सकाळी त्यानं शोधणं थांबवलं. पाचवी पुजायला पाट मांडला गेला नाही, दिवा लागला नाही.

मग काही दिवसांनी म्हादूनंच फुलाला ओसरीवर बोलावलं. त्याची नजर वर होत नव्हती.

“पोरी, आमी ठरवलं हुतं ते ऱ्हाऊ दे. तू सांग. हितं ऱ्हातीस का जातीस?”

“जाते, मामा,” फुला म्हणाली. “प्लेगाचं भ्या मलाबी हाय. पण ह्या खोपीचं त्याहून जास्त हाय. केसर पुन्यांदा बाळंत हुईल, तवा मला बोलवा. तिच्या उशाशी भरलेला तांब्या दिसला, की मग माझं मूल हितंच हुईल.”

म्हादूला राग येईल असं वासूला वाटलं. पण दाराआडून तुळजाच बोलली, “बराबर हाय तिचं. जाऊ द्या तिला.”

वासू गाडी जुंपायला उठला. बैलाच्या मानेवर जू ठेवता ठेवता तो हळूच म्हणाला, “मी हवा बघितली, पाणी बघितलं. तुला इचारलंच न्हाई.”

गाडी निघाली तेव्हा तुळजा निरोपाला आली नाही. ती परसात होती. हातात कोयता घेऊन खोपीचे बंध कापत होती.

वाचकहो, शहर वाईट की गाव चांगलं, हा वाद तुम्ही खुशाल घाला. पण लेकरासाठी गाव निवडण्याआधी जी त्याची आई होणार तिला विचारा, आणि एकदा आपल्या परसात जाऊन या. जी रीत आईला तहानेली ठेवते, ती रीत मोडलीच पाहिजे, मग ती शहरातली असो की रानातली! मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायला आपण नदीपर्यंत धावतो. तेच पाणी, ती मागते आहे तेव्हाच तिला द्या.