जावयाची डावी किडनी आणि माझे दोन हात

सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. पारशिवनीजवळच्या माझ्या संत्र्याच्या बगिच्यात म्हशीएवढं रानडुक्कर घुसलं. त्यानं माझ्या जावयाला कमरेत ढुसणी देऊन झाडाच्या शेंड्याएवढं उडवलं आणि जावयाची डावी किडनी मधोमध फाटली. नागपूरच्या डॉक्टरांनी ती गोधडीसारखी टाके घालून शिवली.

यातली शिवलेली किडनी तेवढी खरी.

जितेंद्र माझा जावई. लग्नाला सहा वर्षं झाली, पण माझ्यासमोर तो कधी मान वर करून बोलला नाही. फेब्रुवारीत शेवटच्या तोडणीला मजूर मिळेनात, तर तो आपणहून शिडीवर चढला. जावयाला कोणी कामाला लावतं का? मी लावलं. खाली शिडी धरून उभं राहायचं, एवढंच माझ्याकडे होतं. पण नुसतं उभं राहणं मला जन्मात जमलं नाही. पेंचच्या काठी वाघ माझ्यासमोर कसा आडवा आला होता, ते मी त्याला सांगत होतो. आता वाघ केवढा, हे एका हातानं कसं दाखवणार?

मी दोन्ही हात पसरले.

शिडी सरकली. जितेंद्र डाव्या कुशीवर, संत्र्यांनी भरलेल्या कॅरेटच्या काठावर आदळला.

गावाकडच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कसं लागलं?" जितेंद्र कळांनी अर्धा बेशुद्ध होता. माझी जीभ माझ्याआधी बोलून गेली, "डुक्कर आलं होतं जी." झालं. डॉक्टर सुळ्याची जखम शोधत बसला. खरचटलेलं धुतलं, रेबीजचं इंजेक्शन काढलं. अर्धा तास त्यातच गेला. मग जितेंद्रला लघवी झाली ती लालभडक, तेव्हा कुठे नागपूरची गाडी बोलावली. त्या अर्ध्या तासात आत किती रक्त सांडलं, मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ऑपरेशननंतर जितेंद्र शुद्धीवर आला तोवर डुक्कर गावभर झालं होतं, आणि मी त्याला बांबूनं हाकललंही होतं. त्यानं सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सासऱ्याला खोटं कसं पाडायचं?

मे महिन्यात शिवलेली किडनी किती काम करते ते पाहायला नागपुरात स्कॅन ठरला. दोन्हींच्या मिळून कामात डाव्या किडनीचा वाटा वीस टक्क्यांच्या खाली आला तर काढावीही लागेल, असं ऑपरेशनवाले डॉक्टर माझ्या मुलीला, मिनलला, सांगून बसले होते. पोरगी सकाळपासून पाण्याची बाटली छातीशी धरून होती. मी मनात कबूल केलं: किडनी वाचली, तर मिनलले खरं सांगून टाकीन. नाही वाचली तर... त्याच्या पुढं मी विचार केला नाही.

स्कॅनमध्ये जितेंद्रला लघवीचं इंजेक्शन दिलं होतं. तिसऱ्यांदा बाथरूमला जाऊन आला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते. मी त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात स्कॅनच्या डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या.

"उजवी सहासष्ट टक्के, डावी चौतीस. एवढी फाटलेली किडनी इतकं काम करते, म्हणजे चांगलंच आहे. काढायची गरज नाही."

मिनल रडायलाच लागली. "बाबा, तुम्ही त्या दिवशी होते म्हणून हे वाचले."

असं वाटलं, कोणीतरी कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं.

समोरच्या बाकावर कामठीच्या इंदुताई नवऱ्याची फाईल घेऊन बसल्या होत्या. "काय झालतं वं बाई यायले?"

"डुकरानं मारलं न मावशी. बाबानं हाकललं त्याले."

"अगं माय! केवढं होतं गा भाऊ?"

आता. हीच वेळ. डुक्कर नव्हतं ताई, मीच होतो. वाक्य पुरं तयार होतं. मी तोंड उघडलं. सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता, सलाईनवाला म्हातारासुद्धा.

"केवढं म्हणता? म्हशीएवढं ताई! हे एवढं..."

आणि माझे दोन्ही हात हवेत गेले.

जितेंद्रचा तोल गेला. मिनलनं झडप घालून त्याला कवेत धरलं, बाटली फरशीवर घरंगळत गेली.

"बाबा! सोडलं काहून त्यायले?"

माझे हात अजून तसेच पसरलेले होते. म्हशीएवढे. जितेंद्रनं बायकोच्या खांद्याचा आधार घेतला, सहा वर्षांत पहिल्यांदा मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. आवाज काही मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"डुक्कर नव्हतंच मामाजी. तुम्ही शिडी धरून होते, आन् त्या दिवशीबी असेच हात सोडले होते."